मायोफॅशियल रिलीज

मायोफॅशियल रिलीज : स्नायूंभोवतीच्या आवरणावर हाताने मंद दाब देऊन ताठरपणा व वेदना कमी करण्याची उपचारपद्धती. या आवरणाला प्रावरणी किंवा फॅशिया म्हणतात. कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचे हे जाळे प्रत्येक स्नायूला, त्याच्या आतल्या तंतुगुच्छांना आणि अवयवांनाही वेढते व शरीरभर सलग असते. शवविच्छेदन करणाऱ्यांनी कित्येक पिढ्या ते ‘खालचे नीट दिसावे’ म्हणून खरवडून टाकले. त्याच्याकडे बारकाईने पाहिले जाऊ लागले ते बरेच अलीकडे. या विषयावरची पहिली आंतरराष्ट्रीय संशोधन परिषद बॉस्टन येथे २००७ साली झाली.

उपचाराच्या वेळी त्वचेला तेल लावत नाहीत, कारण हात घसरून चालत नाही. उपचारक तळवा, बोटांची पेरे किंवा कोपर टेकवून घट्टपणा जाणवेपर्यंत हळूहळू दाबतो आणि तिथेच थांबतो. दीड-दोन मिनिटे, कधी पाचही. हाताखालची जागा सैल झाल्यासारखी वाटली, की तो पुढे सरकतो. यात चोळणे, रगडणे नाही. नेहमीच्या मालिशची सवय असलेल्याला ‘काहीच केले नाही’ असे वाटण्याचा संभव असतो.

या पद्धतीचे मूळ ऑस्टिओपॅथीत, म्हणजे हाडे, सांधे व स्नायू हातांनी हाताळून करायच्या उपचारशास्त्रात आहे. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी ऑस्टिओपॅथी १८७४ मध्ये मांडली, आणि प्रावरणीला त्यांच्या विचारात मोठे स्थान होते. आयडा रॉल्फ या जीवरसायनतज्ज्ञ बाईंची दहा बैठकांची ‘रॉल्फिंग’ पद्धत हिची जवळची नातेवाईक, मात्र ती अधिक जोरकस. आजचे नाव १९८० च्या दशकात अमेरिकेत रूढ झाले. तिथे जॉन बार्न्स या भौतिकोपचारकांनी पद्धतीचा प्रसार केला.

खरा वाद आहे तो ‘सैल नेमके काय होते’ यावर. चिकटलेली प्रावरणी दाबाने ताणली जाते, हे जुने स्पष्टीकरण. पण २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणिती प्रारूपानुसार तळपायाची किंवा मांडीची जाड प्रावरणी एक टक्का दाबायलाही माणसाच्या हाताच्या आवाक्याबाहेरचे बल लागते. त्यामुळे प्रावरणीतील चेतातंतूंना मिळणारी संवेदना, मेंदूने स्नायूंचा ताण कमी करणे, किंवा थरांमधल्या हायल्युरोनन या वंगणासारख्या द्रव्याचा दाटपणा घटून थर एकमेकांवर सहज सरकणे, या शक्यता अधिक पटतात. रुग्णाला बरे वाटते ते खोटे नव्हे. फक्त ‘गाठ फोडली’ ही भाषा शब्दशः घेऊ नये.

जुनाट कंबरदुखीत काही चाचण्यांत वेदना थोडी कमी झालेली दिसते. पण अभ्यास लहान आहेत आणि उपचार कोणता हे रुग्णापासून लपवणे अवघड असते. व्यायामाला जोड म्हणून ही पद्धत वापरणे रास्त. फोम रोलरवर, म्हणजे फोमच्या दंडगोलावर, स्वतःच लोळणे हा तिचाच घरगुती अवतार. त्याने हालचालीची कक्षा काही मिनिटांपुरती वाढते.

शिरेत रक्ताची गुठळी, ताजे अस्थिभंग, उघडी जखम किंवा त्या जागी संसर्ग असल्यास हा उपचार करत नाहीत. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना किंवा हाडे ठिसूळ झालेल्यांना जोराचा दाब देणे टाळतात.