मावळखोऱ्यांतील सायकलमार्ग

पुणे शहराच्या पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला, सह्याद्रीच्या मुख्य धारेपर्यंत पसरलेल्या नदीखोऱ्यांतून जाणारे डांबरी रस्ते. इंद्रायणी, पवना, मुळा, मुठा, मोसे, आंबी, कानंदी, गुंजवणी, वेळवंडी आणि नीरा या नद्यांची ही खोरी मावळ, मुळशी, हवेली, राजगड (पूर्वीचा वेल्हे) आणि भोर या तालुक्यांत येतात. सायकलवाल्यांच्या बोलण्यात ‘मावळ’ म्हणजे फक्त वडगावचा तालुका नव्हे. शिवकाळातल्या बारा मावळांसारखा तो शब्द सैल वापरला जातो, या नोंदीतही तसाच घेतला आहे.

बारा मावळांपैकी बऱ्याच मावळांची नावे नद्यांवरूनच पडली : पवन मावळ, आंध्रा नदीचे आंदर मावळ, कानद खोरे, गुंजण मावळ, मुठे खोरे, मोसे खोरे. त्यामागे जमिनीची ठेवण आहे. सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून पूर्वेकडे काळ्या बेसाल्टच्या लांब सोंडा निघतात आणि दर दोन सोंडांच्या मधून एक नदी वाहते. खोऱ्यात शिरलेला माणूस त्याच खोऱ्यात वर वर जात राहतो. शेजारच्या गावी जायचे तर खिंड चढावी लागते. देशमुखांची वतने या रेषांवर पडली आणि आजच्या सायकलफेऱ्याही त्याच रेषांवर आखल्या जातात. नदीच्या कडेचा निवांत रस्ता आणि खिंडीतला दमवणारा रस्ता एकमेकांना जोडले की फेरी तयार होते.

याचा सर्वांत चांगला नमुना म्हणजे पिरंगुट–मुठा–लवासा हा मार्ग. पिरंगुट मुळेच्या खोऱ्यात. तिथून मुठा घाट चढून उतरले की मुठा गाव येते, म्हणजे खोरे बदलले. पुढे टेमघर धरणाच्या बाजूने चढ सुरू होतो तो लवासाच्या कमानीपर्यंत, आणि पलीकडे उतरले की आपण मोसे नदीवरच्या वरसगाव जलाशयाच्या काठी असतो. एका सकाळीत तीन खोरी. टेमघरची चढण पुण्यातल्या नव्या सायकलवाल्याची परीक्षा मानली जाते. ज्यांना ती द्यायची नसते ते मुठा गावातूनच डावीकडे वळून बहुलीमार्गे एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) बाजूने घरी येतात, आणि खरे सांगायचे तर भातखाचरांमधून जाणारा हा परतीचा रस्ताच दोन्हींत अधिक देखणा आहे.

दुसरी मोठी फेरी सिंहगड ज्या भुलेश्वर रांगेवर आहे ती ओलांडते. खडकवासल्याच्या पाण्याकाठाने खानापूर, तिथून पाबे घाट, पलीकडे कानंदीचे खोरे आणि तोरण्याच्या पायथ्याचे वेल्हे. परत येताना मार्गासनीवरून नसरापूर आणि शेवटी कात्रजचा जुना घाट. अंतर शंभरीच्या पुढे जाते. पाबे घाटाच्या माथ्यावर तोरणा आणि राजगड एकदम समोर येतात; तिथे दम खाण्यासाठी थांबलेला प्रत्येक जण आपण फोटोसाठी थांबलो असेच सांगतो.

या मार्गांची अवघड बाजू घाटांत शोधली जाते, पण ती धरणांत आहे. या प्रदेशातली जवळपास प्रत्येक नदी अडवलेली आहे : मुठेवर टेमघर आणि खडकवासला, मोसेवर वरसगाव, आंबीवर पानशेत, मुळेवर मुळशी, पवनेवर पवना, वेळवंडीवर भाटघर, नीरेवर देवघर. खोऱ्याचा सपाट तळ पाण्याखाली गेला आणि त्याबरोबर तळातली वाटही गेली. नवा रस्ता डोंगराच्या कुशीतून, पाण्याच्या रेषेच्या वरून काढावा लागला. कुशीतून उतरणाऱ्या प्रत्येक ओढ्यापाशी तो आत वळतो आणि खाली जातो, सोंडेपाशी बाहेर येतो आणि वर चढतो. नकाशावर जलाशयाकाठचा म्हणून सपाट वाटणारा रस्ता म्हणूनच पायांना अखंड लाटांसारखा लागतो. घाटात एक गिअर टाकून लय धरता येते. भोरहून वरंधा घाटाकडे जाताना नीरा-देवघरच्या काठाने मात्र गिअर सतत बदलत राहावे लागतात, आणि चढाचा आकडा नकळत एखाद्या मोठ्या घाटाएवढा भरतो.

या पाण्याला इतिहासही आहे. मुळशी धरणात जमिनी जाऊ नयेत म्हणून १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह केला; सेनापती बापट त्याचे नेते. धरण तरीही झाले. त्याचे पाणी वीजनिर्मितीसाठी धारेखालून कोकणात भिऱ्याला सोडले जाते, म्हणजे पूर्ववाहिनी नदीचे पाणी पश्चिमेला वळवलेले आहे. पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याचेही धरण फोडून पुण्यात पूर आणला. आज रविवारी सकाळी पानशेत रस्त्याला लागणाऱ्या तरुणांपैकी अनेकांच्या आजी-आजोबांकडे त्या दिवसाची गोष्ट असते.

चढांमध्ये दोन जाती स्पष्ट दिसतात. बैलगाडीला झेपेल अशा बेताने आखलेले जुने घाट लांब पण सुसह्य असतात. मावळाच्या दक्षिणेला, कृष्णेच्या खोऱ्यातला पसरणी घाट त्याचा आदर्श : वाईहून पाचगणीपर्यंत बारा-तेरा किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटरच्या आसपास चढ, म्हणजे शंभर मीटरला पाचाच्याही आत. भोरहून मांढरदेवीमार्गे वाईला उतरून हा घाट जोडणे ही तयारीच्या सायकलवाल्यांची आवडती कसोटी. दुसरी जात गडावर मोटार नेण्यासाठी काढलेल्या रस्त्यांची. सिंहगडाच्या काही वळणांवर चढ शंभराला दहाच्या पुढे जातो आणि पुढचे चाक उचलल्यासारखे होते. तरीही पुण्यात ‘घाट मारला’ असे नुसते कोणी म्हटले तर ऐकणारा बहुधा सिंहगडच धरतो. वर जाऊन पिठलं-भाकरी आणि मटक्यातले दही, हा त्यातला अलिखित भाग.

स्पर्धांचा इतिहास आधी बोरघाटात घडला. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत खोपोलीहून खंडाळ्यापर्यंतची चढण सर्वांत आधी पार करणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. फ्रान्सच्या शर्यतीत घाटांतल्या अव्वल सायकलपटूला मिळणाऱ्या ठिपक्यांच्या जर्सीपेक्षा हा किताब ऐकायला भारदस्त आहे, हे कोणीही मान्य करील. अलीकडे ब्रेव्हे या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्यांची गोडी वाढली आहे. तिथे शर्यत नसते, ठरलेल्या वेळेत अंतर पुरे करायचे असते : २०० किमीला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. पुण्याहून गोव्याला जाणारी सुमारे ६४० किलोमीटरची डेक्कन क्लिफहँगर ही शर्यत अमेरिकेतल्या ‘रॅम’ (रेस अक्रॉस अमेरिका) या शर्यतीसाठी पात्रता मिळवून देते. जानेवारी २०२६ मध्ये झालेल्या पुणे ग्रँड टूरमुळे मुळशी, मावळ, भोर या भागांतल्या रस्त्यांवर परदेशी व्यावसायिक संघ धावले.

ऋतूचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पासष्ट-सत्तर किलोमीटरवरच्या ताम्हिणी घाटात त्याच्या कितीतरी पट. शहरातून कोरडे निघालेले लोक पौडला भिजतात आणि मुळशीपुढे त्यांना रस्ता दिसेनासा होतो. पावसाळी वारा पश्चिमेचा, त्यामुळे जाताना तो छातीवर आणि येताना पाठीवर. दमलेल्या पायांना याच्या उलट क्रम परवडला नसता. जुलै-ऑगस्टमध्ये सुट्टीच्या दिवशी ताम्हिणीत मोटारींची इतकी गर्दी होते की सायकलीचा फायदा असला तर कोंडीतून वाट काढण्याचाच. वरंधा घाट दरडींमुळे पावसाळ्यात अनेकदा बंद ठेवला जातो, तेव्हा महाडपर्यंतचा बेत आखण्यापूर्वी भोरमध्ये विचारून घ्यावे.

सप्टेंबरअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. खाचरे पिवळी पडू लागतात, ओढे अजून वाहते असतात आणि खड्डे पाण्याखाली लपलेले नसतात. मळणीच्या दिवसांत मात्र आतल्या रस्त्यांवर भात वाळत घातलेला असतो आणि उरलेली अर्धी बाजू समोरून येणाऱ्या एसटीला द्यायची असते. अशा वेळी उतरून सायकल हाताने न्यावी. भातावर चाक घातलेले कोणालाच आवडत नाही.