नांदेड–हैदराबाद : २४५ किलोमीटर, तासाभराचं उड्डाण

नांदेड विमानतळापासून हैदराबादच्या शमशाबाद विमानतळापर्यंतचं हवाई अंतर सुमारे २४५ किलोमीटर. एटीआर-७२ हे पंख्यांचं विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास उडतं. त्या हिशोबाने अर्धा तास पुरायला हवा, पण वेळापत्रकात तासाभराची वेळ धरावी लागते. विमान जागेवरून हललं की वेळ मोजायला सुरुवात होते, आणि दुसऱ्या टोकाला ते उभं राहीपर्यंत मोजणी चालते. धावपट्टीपर्यंत सरकत जायचं, उंची गाठायची, मग वेग उतरवत रांगेत यायचं. मार्ग दोनशे किलोमीटरचा असो वा हजाराचा, हा वेळ फारसा बदलत नाही. उंची गाठायला लागणारं इंधन आणि विमानतळाच्या शुल्काचंही बरंचसं तसंच. छोटे मार्ग परवडत नाहीत याचं मूळ इथे आहे.

हे दुखणं जुनंच. १९८१ मध्ये सरकारने वायुदूत ही विमान कंपनी सुरू केली ती आधी ईशान्येसाठी, नंतर देशभरच्या छोट्या गावांसाठी. तोटा साचत गेला आणि १९९३ मध्ये ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली.

नांदेडचं विमानतळ नव्याने उभं राहिलं ते २००८ च्या गुर-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या, म्हणजे गुरू ग्रंथसाहिबाला गुरुपद मिळाल्याच्या तीनशे वर्षांच्या, निमित्ताने. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ मध्ये इथेच देह ठेवला. जगभरातून शीख भाविक येणार होते.

ऑक्टोबर २०१६ मध्ये छोटी शहरं विमानाने जोडणारी केंद्र सरकारची उडान योजना आली आणि तिच्या हिशोबात अंतराला जागा मिळाली. सुमारे ५०० किलोमीटर म्हणजे एक तास, आणि त्या तासाला ठरावीक आसनांवर कमाल भाडं २,५०० रुपये. कमी अंतराला त्याच प्रमाणात कमी. सुरुवातीच्या नियमांत साधारणपणे २०० ते ८०० किलोमीटरचेच मार्ग बसत. नांदेड–हैदराबाद त्यात जेमतेम बसला. २७ एप्रिल २०१७ ला शिमला–दिल्ली आणि कडप्पा–हैदराबादसोबत याच मार्गाचा शुभारंभ झाला. ट्रूजेट ही सेवा चालवत होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्या कंपनीची उड्डाणंच थांबली.

माझ्या मते हैदराबाद हा नांदेडचा खरा हवाई मार्ग कधीच नव्हता. रस्त्याने जाणारा माणूस पाच तासांत शहरात पोचतो, तोही उत्तरेकडून; विमान त्याला शहराच्या पार दक्षिणेला उतरवतं. विमानतळावर आधी पोचणं आणि पुढची टॅक्सी धरली तर वाचतात दीड-दोन तास. पुढचं विमान पकडायचं असेल तेव्हाच ते सोयीचं. अमृतसरचं गणित निराळं : हवाई अंतर सुमारे १,४०० किलोमीटर, आणि सचखंड एक्स्प्रेसला दीड दिवसाच्या आसपास लागतो. तिथे विमान भाविकाचा अख्खा दिवस वाचवतं.

२०२३ मध्ये उडानच्या पाचव्या फेरीत कमाल अंतराची अट निघाली. मार्च २०२४ अखेरीस स्टार एअरने नांदेडहून बंगळुरू, दिल्लीजवळचं हिंडन आणि जालंधरजवळचं आदमपूर जोडलं.