हृदयातील मेकॅनो-इलेक्ट्रिक फीडबॅक

हृदयस्नायूवर पडणारा ताण, दाब किंवा आघात यांमुळे हृदयाच्या विद्युत क्रियेत होणारा बदल. विद्युत संदेशामुळे स्नायू आकुंचन पावतो, हे शाळेतच शिकवतात. स्नायूची हालचालही त्या संदेशावर परिणाम करते, याला मात्र पाठ्यपुस्तकांत फार थोडी जागा मिळते.

१९१५ साली फ्रान्सिस बेनब्रिज यांनी कुत्र्यांच्या शिरांत द्रव सोडला तेव्हा ठोके जलद झाले. हे मज्जातंतूंमार्फत घडते, असे त्यांनी मांडले. पुढे १९५६ मध्ये शरीरापासून वेगळ्या केलेल्या हृदयाच्या उजव्या अलिंदातला (वरच्या कप्प्यातला) दाब वाढवल्यावरही ठोके वाढलेले दिसले. म्हणजे ही क्षमता खुद्द हृदयातही आहे. पेशीपटलात ताण पडताच उघडणारे आयनमार्ग (विद्युतभारित कणांच्या वाटा) असतात. १९८४ मध्ये कोंबडीच्या भ्रूणाच्या स्नायूपेशींत असे मार्ग प्रथम नोंदले गेले. त्यांतून धन आयन आत शिरले की विसावलेली पेशी अवेळी उद्दीपित होऊ शकते.

सारे काही ताण कोणत्या क्षणी पडतो यावर ठरते. ‘कमोशिओ कॉर्डिस’ हे त्याचे सर्वांत भीषण उदाहरण. छातीवर साधा चेंडू आदळतो, बरगडीही मोडत नाही, आणि धडधाकट मुलगा कोसळतो. १९९८ मध्ये डुकरांवरील प्रयोगांत बेसबॉलच्या आकाराची व वजनाची लाकडी वस्तू ताशी सुमारे ४८ किमी वेगाने ईसीजीतील टी-तरंगाच्या (निलये पुन्हा विसावतानाच्या लाटेच्या) शिखराआधी ३० ते १५ मिलिसेकंदांत आदळली, तेव्हा निलयांचे (हृदयाच्या खालच्या कप्प्यांचे) कंपन, म्हणजे रक्त पुढे न ढकलणारी थरथर, सुरू झाले. इतर क्षणी बसलेल्या फटक्याने तसे झाले नाही. २ जानेवारी २०२३ रोजी अमेरिकन फुटबॉलपटू डामार हॅमलिन भर सामन्यात असाच कोसळला. मैदानावरच छातीदाब आणि विद्युत झटका मिळाल्यामुळे तो वाचला. म्हणूनच प्रत्येक क्रीडांगणावर असा झटका देणारे एईडी यंत्र असायलाच हवे.

या विषयात पीएच.डी. करणाऱ्यांपुढे एक खास पेच असतो. लांगेनडॉर्फ पद्धतीने शरीराबाहेर जिवंत ठेवलेल्या हृदयात विद्युतदाबानुसार चमक बदलणारा रंग भरून संदेशाची वाटचाल कॅमेऱ्याने टिपतात. हृदय हलले की चित्र बिघडते, म्हणून एरवी ब्लेबिस्टॅटिन हे द्रव्य देऊन आकुंचन थांबवतात. इथे तर आकुंचनाचाच अभ्यास करायचा असतो. त्यामुळे हलत्या पृष्ठभागाचा मागोवा घेणारी गणिते लिहिणे, एकेक पेशी कार्बनच्या तंतूंनी पकडून ताणणे आणि संगणकीय प्रतिकृती रचणे यांत बराच काळ जातो. औषधाच्या दिशेनेही काम चालू आहे: टॅरँट्युला कोळ्याच्या विषातील जीएसएमटीएक्स-४ या पेप्टाइडमुळे सशाच्या ताणलेल्या अलिंदातील कंपन आटोक्यात येते, असे २००१ मध्ये दिसून आले.