टीव्हीवर लाल अक्षरं का माखतात?

भाच्याने गेल्या महिन्यात ५५ इंची महागातला टीव्ही घेतला. गेमही त्यावरच आणि कोडिंगही त्यावरच, असा बेत. वर्तकनगरला त्याच्याकडे गेलो तर स्वारी वैतागलेली. "मामा, गेम झकास दिसतात, पण ही लाल अक्षरं बघ. पॅनेल खराब आलंय का?" काळ्या पार्श्वभूमीवरच्या लाल मराठी ओळीतले रफार आणि अनुस्वार ओघळले होते. शेजारची पांढरी ओळ मात्र रेखीव. पॅनेल ठणठणीत होतं. काटकसर रंगात चालली होती.

आपल्या डोळ्याला उजेडातला फरक बारीक कळतो, रंगातला ढोबळ. निळा ओळखणाऱ्या शंकुपेशी तर मुळातच थोड्या. टीव्ही बनवणाऱ्यांनी हे फार पूर्वी हेरलं. १९८२ च्या एशियाडच्या वेळी आपलं दूरदर्शन रंगीत झालं, तेव्हाही उजेडाच्या माहितीला रुंद वाट आणि रंगाला अरुंद, अशीच रीत होती.

आजही तेच चालतं. प्रत्येक ठिपक्याचे तीन आकडे असतात: एक उजेडाचा, दोन रंगाचे. चार ठिपक्यांचे झाले १२. सगळेच्या सगळे पाठवले तर त्याला ४:४:४ म्हणतात. ४:२:० मध्ये उजेडाचे चार आकडे जातात, पण रंगाचे दोनच, चौघांत मिळून. १२ चे ६ झाले! क्रिकेटमध्ये हे कळतही नाही, कारण गवताचा आणि आभाळाचा रंग सावकाश बदलतो. अक्षराची रेघ मात्र एक-दोन ठिपक्यांचीच असते. पांढऱ्या अक्षराचा आकार उजेडाच्या आकड्यांत असतो, म्हणून तो टिकतो. शुद्ध लालमध्ये उजेडाचा वाटा जेमतेम २१ टक्के आणि निळ्यात तर ७ टक्के. त्यांचा आकार बराचसा रंगाच्या आकड्यांत, आणि ते आकडे शेजाऱ्यांत वाटले गेलेले.

मुळात काटकसर का? फोर-के चित्रात सुमारे ८३ लाख ठिपके. सेकंदाला १२० चित्रं आणि ठिपक्याला २४ बिट धरले तर जवळपास २४ अब्ज बिट होतात. कॉम्प्युटर टीव्हीला जोडणाऱ्या वायरीची पद्धत म्हणजे एचडीएमआय. तिच्या जुन्या २.० आवृत्तीची मजल सेकंदाला १८ अब्ज बिटांची, त्यातही खरी माहिती १४.४ अब्जच. मग १२० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १२० चित्रं, हवे असतील तर रंग कापावे लागतात. एचडीएमआय २.१ ची कमाल ४८ अब्जांची आहे. पण कित्येक टीव्हींवर वायर खोचायच्या चार पोर्टपैकी दोनच पूर्ण वेगाचे असतात. भाच्याची वायर नेमकी तिसऱ्यात होती. पोर्ट बदलला, ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये ४:४:४ निवडलं आणि टीव्हीच्या मेनूत त्या पोर्टला 'पीसी' नाव दिलं. ही शेवटची पायरी विसरू नका: अनेक टीव्ही हे नाव दिल्याशिवाय पूर्ण रंग दाखवतच नाहीत.

सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या वायरीने चित्र 'खुलतं' ही निव्वळ अंधश्रद्धा आहे. डिजिटल वायरीतून बिट पोचतात, नाहीतर चित्र तुटतं, चमचमतं, काळं पडतं. रंग गडद होत नाहीत. प्रमाणित 'अल्ट्रा हाय स्पीड' वायर पुरेशी आहे.

ओएलईडी पडद्याचा टीव्ही घेणार असाल तर कॉम्प्युटरची तळाची पट्टी, म्हणजे टास्कबार, आपोआप लपेल असं करा. त्या पडद्यातला प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, आणि तासन्‌तास एकाच जागी पेटलेले ठिपके लवकर म्हातारे होतात.

आणि दुकानात जाताना लॅपटॉप बरोबर न्या. दुकानातले डेमो फुलांचे आणि धबधब्यांचे असतात. तुम्ही काळ्यावर लाल अक्षरांत, छोट्या टायपात, 'कर्तृत्व' लिहा आणि दोन फुटांवरून रफार शोधा.