मिळकतकर (पुणे)

पुणे महानगरपालिका आपल्या हद्दीतील जमिनी व इमारतींवर दरवर्षी बसवते तो कर. बोलण्यात याला ‘टॅक्स’ किंवा ‘घरपट्टी’ म्हणतात. घरपट्टी हा खरे तर ग्रामपंचायतीचा शब्द. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे पालिकेत आली, तिथे तो अजून लोकांच्या तोंडी आहे. पिंपरी-चिंचवड आणि पुणे व खडकी कटकमंडळांचा (कँटोन्मेंटचा) कारभार वेगळा.

बिल हातात आले की नजर तळाच्या बेरजेवर जाते. पाहायची असते ती ‘वार्षिक करपात्र रक्कम’. घर भाड्याने दिले तर काय मिळेल, याचा पालिकेने ठरवलेला हा अंदाज. तो भाग, बांधकामाचा प्रकार, क्षेत्रफळ आणि वापर पाहून काढतात. समजा, महिन्याचे वाजवी भाडे २,००० रुपये धरले. वर्षाचे २४,०००, दुरुस्तीपोटी १० टक्के वजा जाता २१,६००. घरमालक स्वतः राहत असेल तर ४० टक्के सवलत, म्हणजे उरले १२,९६०. कर या रकमेवर बसतो. आकारणी ज्या वर्षी झाली त्या वर्षीचा दर सहसा पुढे चालू राहतो. त्यामुळे एकाच रस्त्यावर जुन्या वाड्याचे बिल नव्या फ्लॅटच्या मानाने किरकोळ दिसते आणि सोसायटीच्या बैठकीत वादाला विषय मिळतो.

४० टक्के सवलत १९७० पासूनची. लेखापरीक्षणातील आक्षेपानंतर ती मध्यंतरी बंद झाली आणि २०२३ मध्ये राज्य शासनाच्या निर्णयाने परत आली. ती सुटलेली असेल तर पीटी-३ अर्ज भरून, मतदार ओळखपत्र किंवा गॅस कार्डासारखा पुरावा जोडून आपण तिथेच राहतो हे दाखवावे लागते.

बिलात सर्वसाधारण कर, सफाई, अग्निशामक, वृक्ष, जललाभ, जलनिःसारण अशा बऱ्याच ओळी असतात. शिक्षण कर पालिका गोळा करते, पण तो राज्याच्या तिजोरीत जातो. रोजगार हमी कर फक्त बिगरनिवासी मिळकतींना.

वर्षाच्या दोन सहामाही. पूर्ण रक्कम ठरलेल्या मुदतीत, एरवी ३१ मेपर्यंत, भरली तर ५ ते १० टक्के सूट मिळते; पण ती केवळ सर्वसाधारण करावर. एकूण बिलाच्या दहा टक्के गृहीत धरणाऱ्यांची दरवर्षी निराशा होते. सौरऊर्जा, गांडूळखत, पर्जन्यजलसंधारण यांची सवलत वेगळी. मुदत चुकली की दरमहा २ टक्के शास्ती, आणि ती वर्षाला २४ टक्के होते. मोठ्या थकबाकीदारांच्या दारात पालिकेने बँडही वाजवला आहे. त्यापुढची पायरी म्हणजे मिळकत सील करणे.

बिलावर अजून आजोबांचे नाव असलेली घरे पेठांत पुष्कळ. कर भरायला त्याची अडचण येत नाही. मात्र ही पावती मालकीचा पुरावा ठरत नाही, आणि नाव बदलायला गेले की आधी थकबाकी विचारतात.