बदनामी मालकाची की होमस्टेची?

मे महिना सरला की तारकर्लीपासून श्रीवर्धनपर्यंत होमस्टेवाल्यांचे तेच दोन प्रश्न सुरू होतात. एक म्हणतो, "गूगलवर एकच स्टार दिलाय, सायबर पोलिसांकडे जाऊ का?" दुसरा म्हणतो, "फेसबुकवर माझ्या फोटोखाली कोणीतरी घाण लिहिलंय, काय उत्तर देऊ?" दोघांचं औषध नेमकं उलट झालंय. पहिल्याने उत्तर द्यावं, दुसऱ्याने उत्तर न देता तक्रार करावी. आणि होतं काय, तर पहिला पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढतो आणि दुसरा रात्री दोनपर्यंत कमेंटमध्ये भांडत बसतो.

स्वतःच्या नावाबद्दल फार लिहीत नाही. गावात पत कशी राखायची हे कोकणी माणसाला शिकवायला नको. इंटरनेटवर त्यात एवढीच भर की वाद घालायचा नाही. उत्तर दिलंत की ती पोस्ट आणखी चार जणांना दिसते. तारीख आणि नाव दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, लिंक जपून ठेवा, पोस्ट रिपोर्ट करा. तुमच्या नावाने खोटं खातं काढलं असेल किंवा धमकी असेल तर केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. झालं.

खरा घोळ धंद्याच्या नावाचा. आपल्याकडे घर आणि धंदा एकाच छपराखाली असतो. पुढच्या पडवीत पाहुणे, मागच्या पडवीत आपण. बोर्डावर आडनाव, गूगलवर घरचाच मोबाइल नंबर, फोटोत मोदक वळणारी आजी. मग कोणी लिहिलं की 'गरम पाणी आलं नाही', की मालकाला वाटतं आपल्या खानदानाला शिवी घातली. "मेल्यान माझी बदनामी केल्यान!" नाही केल्यान. त्याने गिझरबद्दल लिहिलंय.

दोन्हींतला फरक ओळखायला मी एकच प्रश्न विचारतो: हे वाचून पुढच्या पाहुण्याला काही उपयोग आहे का? गिझर, गादी, डास, पार्किंग, ताटातली सोलकढी, यांचा उपयोग आहे, म्हणजे ते धंद्याबद्दल. 'मालकाने भावाची जमीन लाटली' हे खरं असो की खोटं, राहायला येणाऱ्याला त्याचं काय करायचंय? ते माणसाबद्दल. अशा मजकुराला गूगलच्या नियमांतही जागा नाही. राहण्याच्या अनुभवाशी संबंध नसलेला मजकूर, छळ, शिवीगाळ, कधी न आलेल्या माणसाचा रिव्ह्यू, स्पर्धकाने टाकलेला रिव्ह्यू, हे सगळं रिपोर्ट करता येतं. नाकारलं तर एकदा अपीलही करता येतं.

पण भलेभले अडकतात ते 'मालक उद्धट आहे' या वाक्यावर. वाक्य माणसाबद्दल आहे, लागतंही माणसालाच. तरी माझ्या प्रश्नाला लावून बघा. लहान मुलं घेऊन येणाऱ्या कुटुंबाला यजमान खेकसतो की नाही हे कळायला हवं ना? म्हणजे हा रिव्ह्यू धंद्याचाच. यजमान म्हणून तुम्ही जे वागलात ते खोलीच्या भाड्यातच धरलेलं आहे. गूगल ते काढणार नाही. 'मी तसं बोललोच नाही' असं तुम्ही म्हणालात, तरी पाहुणा आणि मालक यांच्यातल्या वादात कोण खरं हे ठरवत बसणं गूगल आपलं काम मानत नाही. अशा रिव्ह्यूवर महिनाभर रिपोर्टचं बटण दाबत राहणारे लोक मला माहीत आहेत. तेवढ्या वेळात दोन ओळींचं उत्तर झालं असतं.

आणि उत्तर तक्रार करणाऱ्याला पटवण्यासाठी नसतं. तो परत येणार नाही, सोडा. ते वाचणारा असतो पुढच्या महिन्याचं बुकिंग करू पाहणारा माणूस. समजा जुलैत कोणी लिहिलं, 'कोकणात येऊन ताजी सुरमई नाही, फसवणूक.' यावर 'तुम्हाला कोकण कळत नाही' हे उत्तर नव्हे, तो फणकारा झाला. उत्तर असं: '१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. त्या काळात आम्ही खाडीचे मासे किंवा शाकाहारी ताट देतो. बुकिंगच्या वेळीच हे सांगायला हवं होतं, आता सांगतो.' पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद होत्या म्हणून होमस्टेचा स्टार कापणाऱ्यालाही असंच शांतपणे सांगावं. समुद्र तुमच्या हातात नाही, हे वाचणाऱ्याला कळतं.

उत्तरात पाहुण्याची खाजगी गोष्ट मात्र कधीही काढू नका. 'तुम्ही रात्री पिऊन धिंगाणा घातलात, सोबत कोण होतं तेही सांगू का?' असं उत्तर मी वाचलेलं आहे. तिथे धंद्याचं भांडण मालकाने स्वतः माणसावर नेलं. आता तक्रार करण्याचा हक्क पाहुण्याला आहे.

कायद्याचं थोडक्यात. '६६ अ लावतो' ही धमकी अजून ऐकू येते. इंटरनेटवरच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल शिक्षा सांगणारं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. त्या खटल्यामागचं एक कारण आपल्याच पालघरचं: नोव्हेंबर २०१२ मध्ये फेसबुकवरच्या मजकुरासाठी दोन तरुणींना झालेली अटक. अब्रुनुकसानी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, आणि ती माणसाची होते तशी कंपनीचीही होऊ शकते. मात्र 'जेवण बेचव होतं' हे मत झालं. त्यासाठी वकील करणं म्हणजे डास मारायला तोफ.

चाकरमान्यांबद्दलही बोलायलाच हवं. मुंबईचे चुलतभाऊ, आतेभाऊ, त्यांच्या सोसायटीतले मित्र, सगळे मिळून एका रविवारी पाच-पाच स्टार टाकतात. प्रेमाने टाकतात, पण धंद्याशी हितसंबंध असलेल्यांनी रिव्ह्यू लिहिणं गूगलच्या नियमात बसत नाही. स्टारच्या बदल्यात बिलात सूट देणं तर नाहीच नाही. आणि 'वाईट रिव्ह्यू काढून देतो' म्हणत पैसे मागणाऱ्यांना दारात उभं करू नका. नियम मोडणारा मजकूर तुम्ही स्वतः फुकटात रिपोर्ट करू शकता. न मोडणारा तेही काढू शकत नाहीत.

राहिलं फेसबुकचं पेज की वैयक्तिक खातं. वैयक्तिक खात्याला पाच हजार मित्रांची मर्यादा आहे, आणि ते धंदा चालवण्यासाठी नाही. पेज काढा. गूगलवरचं होमस्टेचं प्रोफाइल मात्र आजच तपासा. बहुतेक घरांत ते पुण्याच्या भाच्याने स्वतःच्या ईमेलवरून सुरू केलेलं असतं आणि मुख्य मालक म्हणून त्याचंच नाव असतं. त्याला फोन लावा, मालकी स्वतःच्या ईमेलवर घ्या, त्याला मॅनेजर म्हणून राहू द्या.