पावसात कॉम्प्युटर झाकून ठेवू नका

ऑक्टोबरात माझा मावसभाऊ समुद्रकाठच्या मोरजीहून कॉम्प्युटर घेऊन आला. गाडीच्या मागच्या सीटवर कॅबिनेट, त्यावर प्लॅस्टिकचं कव्हर, कव्हरावर जुनी चादर. "जूनपासून हात लावला नाही रे. पावसात उगाच शॉर्ट नको म्हणून. आता चालूच होत नाही." बाजूचा पत्रा काढला, तर मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटच्या पाटीवर, पांढुरका-हिरवट थर, स्क्रूंच्या डोक्यांवर गंज, आणि श्रावणात कपड्यांच्या कपाटाला येतो तोच कुबट वास. चार महिने जपल्यामुळेच ते यंत्र गेलं होतं.

गोव्यात हा सल्ला दर घरात मिळतो. शेजारच्या काकू तर मला दर जूनमध्ये बजावतात, "पावसांत मशीन चालू करूं नाका, शॉर्ट जातलें." विजा कडकडत असतील तर काकूंचं बरोबर. पण नुसता पाऊस पडतोय, हवा ओली आहे, एवढ्यासाठी कॉम्प्युटर बंद ठेवणं म्हणजे त्याचं औषध बंद करणं. ते औषध म्हणजे त्याची स्वतःची ऊब.

हवा तापली की तिची वाफ धरून ठेवायची ताकद वाढते. जुलैतल्या एखाद्या दिवशी घरात 28 अंश तापमान आणि 90 टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा कॅबिनेटच्या आत 35 अंशांपर्यंत तापल्यावर तिची सापेक्ष आर्द्रता साधारण 60 टक्क्यांवर येते. हवेतलं पाणी तेवढंच असतं, पण ती आता तहानलेली असते. ओल सोडायच्या ऐवजी शोषून घेते. चालू कॉम्प्युटरच्या आत खोलीपेक्षा पाच-सात अंश जास्त असणं अगदी नेहमीचं. म्हणजे तासभर चालवलेलं मशीन स्वतःलाच वाळवून घेतं.

हे 60 आणि 90 टक्के इतके महत्त्वाचे का, हे समजायला स्वयंपाकघरात जा. शुद्ध मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून घेऊन विरघळायला लागतं. त्या रेषेखाली ते कोरडं राहतं. आगरवाड्याच्या मिठागरातलं खडे मीठ त्याहून हळवं, कारण समुद्राच्या मिठात थोडं मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते 33 टक्क्यांच्या आसपासच पाणी धरू लागतं. मिरगानंतर मिठाच्या बरणीच्या तळाशी पाणी का साचतं, याचं उत्तर हेच. आता हेच मीठ, डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांच्या रूपात, वाऱ्याबरोबर खिडकीतून येतं आणि पंख्याच्या मार्गानं मदरबोर्डवर बसतं. बरणीत होतं तेच तिथेही होतं. किनाऱ्यापासून आत गेलं की हे प्रमाण भराभर उतरतं. मोरजी-कळंगुटच्या घरात जे दोन पावसात होतं, त्याला फोंडा-साखळीकडे बरीच वर्षं लागतात.

बोर्डवरच्या तारा एकमेकींपासून केसाएवढ्या अंतरावर असतात. त्यांच्यामध्ये खाऱ्या पाण्याचा पापुद्रा आला आणि वर थोडा विद्युतदाब असला, की एका तारेतले धातूचे कण सुटतात, दुसरीकडे जाऊन बसतात आणि त्यांच्या झाडाच्या फांद्यांसारख्या बारीक रेषा वाढत जातात. रेषा पलीकडे पोचली की काकूंचं 'शॉर्ट' झालं. गंमत अशी, की कॉम्प्युटर बंद पण भिंतीवरचं बटण चालू, ही माझ्या मते सगळ्यांत वाईट अवस्था. त्या वेळी आत 5 व्होल्टचा एक पुरवठा जागा असतो, पण ऊब जवळजवळ शून्य. वापरा, नाहीतर बटण बंद करा. मधलं काही नको.

तेव्हा पावसाळ्यात रोज तासभर मशीन चालवा. काम नसेल तर गाणी लावा. बंद केल्यावर लगेच प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका. त्याच्या आत ओल कोंडते. धुळीसाठी जुनी सुती साडी पुरते. आणि महिनोन् महिने बंद असलेलं मशीन थेट चालू करू नका. पाऊस उघडलेला दिवस बघून, प्लग काढून, बाजूचा पत्रा उघडा आणि टेबलफॅनच्या वाऱ्यात चार-सहा तास ठेवा. मावसभावानं नेमकं उलटं केलं: ओल्या बोर्डात सरळ वीज सोडली.

सिलिका जेलच्या पुड्या कॅबिनेटमध्ये टाकणारे पुष्कळ भेटतात. कॅबिनेटला चहूबाजूंनी भोकं. तिथे पुडी ठेवणं म्हणजे अंगणातली हवा वाळवायला बसणं. पुडी दिवसा-दोन दिवसांत भरते आणि संपलं. घट्ट झाकणाच्या डब्यात मात्र ती खरी उपयोगी. जादा हार्ड डिस्क, कॅमेरा, पेनड्राइव्ह अशा डब्यात ठेवा. रंग बदलणारं जेल घ्या. नारिंगीचं हिरवं झालं की ओव्हनमध्ये 120 अंशांवर तापवून पुन्हा वापरता येतं. (भिजलेला मोबाइल उकड्या तांदळाच्या डब्यात पुरणाऱ्यांना मी आता काही सांगत नाही. तांदूळ पेजेसाठी ठेवावेत एवढंच.)

जागा निवडताना चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) बाहेरच्या भिंतीला कॅबिनेट चिकटवू नये. चिरा सच्छिद्र असतो, पावसाच्या बाजूची भिंत पाणी पिते आणि आतून थंड राहते. थंड पृष्ठभागाजवळची हवा नेहमी जास्त ओली. भिंतीपासून वीतभर आणि जमिनीपासून चार-सहा इंच अंतर ठेवा. एसी असलेल्या खोलीत ठेवलंत तर उत्तम, पण एक सांभाळा. बाहेर 30 अंश आणि 80 टक्के आर्द्रता असेल, तर 26 अंशांपेक्षा थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर दव धरतं. एसीच्या गाडीतून उतरल्यावर चष्मा धुरकटतो ना, तेच 22 अंशांच्या खोलीतून बाहेर काढलेल्या लॅपटॉपचं होतं, फक्त ते दिसत नाही. अर्धा तास तो बॅगेतच राहू द्या.

आता वीज. इथे सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे अर्थिंग. कॅबिनेटच्या पत्र्याला उलट्या हातानं स्पर्श केला आणि झिणझिण्या आल्या, तर बहुधा मशीन बिघडलेलं नाही, तुमच्या घराचं अर्थिंग, म्हणजे जादा वीज जमिनीत नेणारी तार, गेलंय. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये गोंगाट गाळण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून (वीज आणणाऱ्या तारेकडून) आणि एक न्यूट्रलकडून (वीज परत नेणाऱ्या तारेकडून) पत्र्याला जोडलेला. अर्थ असेल तर त्यांतून झिरपणारा किंचितसा प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर पत्रा घरातल्या 230 व्होल्टच्या मध्यावर, 115 व्होल्टच्या आसपास, तरंगत राहतो आणि तुमच्या बोटांतून वाट शोधतो. तीन पिनांच्या प्लगमधली वरची जाड पिन लांब असते ती उगाच नव्हे; प्लग घालताना अर्थ आधी जोडला जावा आणि काढताना शेवटी सुटावा म्हणून. ती कापून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये घुसवलेले प्लग मी पाहिलेत, तेही इंजिनियरच्या घरात.

गोव्यात अर्थिंगची आणखी एक अडचण आहे. आपली लाल, दगडाळ जमीन पावसात वीज बरी वाहून नेते, पण एप्रिल-मेमध्ये कोरडी पडली की तिचा विरोध वाढतो. आणि नेमक्या त्याच मेमध्ये वळवाच्या विजा सुरू होतात. म्हणून जुने वायरमन अर्थच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरायचे आणि उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतायला सांगायचे. बोर्डवर आपण ज्याला शत्रू म्हटलं तेच मीठ-पाणी इथे मित्र, कारण इथे आपल्याला वीज वाहूनच न्यायची आहे. माझ्या घरी हे पाणी ओतायचं काम मुलाकडे आहे; तो विसरतो.

स्पाइक गार्डच्या पट्टीत झिंक ऑक्साइडची एक चकती असते. दाब हद्दीबाहेर गेला की ती एकदम वाहक बनते आणि जादा ऊर्जा स्वतःवर घेते. प्रत्येक धक्क्यानं ती थोडी थोडी झिजते. म्हणून दहा वर्षांची पट्टी ही बहुतेक वेळा नुसती एक्स्टेंशन बोर्ड असते, दिवा लागत असला तरी. जवळ वीज पडली तर नवी पट्टीही काही करू शकत नाही. आकाशातल्या विजेचा प्रवाह 30,000 अँपिअरच्या घरात असतो. मे आणि ऑक्टोबरच्या गडगडाटी संध्याकाळी प्लग काढा, आणि त्याच्याबरोबर इंटरनेटची वायरही. लोक प्लग काढतात नि वायर विसरतात. मग वीज त्या वायरीतून राउटरमार्गे आत येते. फायबरची काच वीज वाहत नाही हे खरं, पण राउटरचा अडॅप्टर भिंतीतच असतो.

वादळात माडाचं चुडत तारांवर पडून न्यूट्रल तुटला, तर काही घरांत 230 च्या जागी 400 पर्यंत व्होल्ट येऊ शकतात. घरातले दिवे अचानक प्रखर झाले तर विचार न करता मेन स्विच पाडा. त्या वेळी फाइल सेव्ह करत बसू नये.

यूपीएस घेताना पेटीवरच्या 600 व्हीएवर जाऊ नका, शेजारचे वॅट वाचा. ते बहुधा 360 असतात. आतली बॅटरी 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासांची, म्हणजे कागदावर 84 वॅट-तास. साध्या घरगुती मशीनला प्रत्यक्षात 15 मिनिटं मिळाली तरी खूप, आणि ती काम आवरून नीट बंद करण्यासाठीच असतात. शिसे-आम्लाच्या या बॅटरीचं आयुष्य दर 10 अंश वाढीला साधारण निम्मं होतं, त्यामुळे तिला कपाटाच्या बंद कोपऱ्यात कोंबू नका. लेझर प्रिंटर यूपीएसला कधीच जोडू नये. त्यातला रूळ शाई भाजून कागदावर चिकटवायला 200 अंशांच्या आसपास तापतो आणि त्या क्षणी कॉम्प्युटरच्या कितीतरी पट वीज ओढतो.

साफसफाई वर्षातून दोनदा: पावसाआधी आणि दसऱ्याला, नाहीतरी खंडेनवमीला आपण यंत्रं पुसतोच. ती नुसती दिखाऊ पूजा नाही, धूळ मिठाला आणि ओलीला धरून ठेवते. प्लग काढा, ब्लोअरनं धूळ उडवा, पण पंखा बोटानं धरून. वाऱ्यानं तो भन्नाट फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होतात. रॅम (मेमरीची पट्टी) काढून तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासायची आपल्याकडे जुनी चाल आहे. तात्पुरतं काम होतं, पण त्या दातांवरचं सोनं अतिशय पातळ असतं आणि खोडरबर ते खरवडतं. एकदा खालचा धातू उघडा पडला की समुद्राची हवा बाकीचं बघते. त्यापेक्षा सुती कापडावर 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. एका मित्रानं अगदी गंभीरपणे विचारलं, फेणी चालेल का? फेणीत अल्कोहोल 42 टक्क्यांच्या आसपास, उरलेलं बहुतेक पाणी. तेव्हा ती पिणाऱ्यांसाठीच ठेवलेली बरी.

पाली आणि मुंग्यांचं काय? त्यांना उबदार, कोरडी जागा हवी असते, म्हणजे आपण जे कॉम्प्युटरला देतोय तेच. कॅबिनेटच्या मागच्या रिकाम्या खाचांना पत्र्याच्या पट्ट्या लावा, हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी बारीक जाळीही चालते. आणि चवथीला कॉम्प्युटर माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-भाज्यांच्या चौकटीखाली, येणार नाही हे बघा. एका घरी वरून टांगलेलं पिकलेलं फळ कीबोर्डवर पडलं होतं. मुंग्या दिवाळीपर्यंत हटल्या नाहीत.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात. विंडोज 10 चा नेहमीचा आधार, म्हणजे मोफत सुरक्षा-अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. तुमचं जुनं मशीन विंडोज 11 घेत नसेल तर त्यावर विंडोजऐवजी चालणारी लिनक्स ही प्रणाली घाला, मराठी टायपिंग तिथेही छान होतं. वेबसाइट उघडताना सारख्या सुरक्षेच्या सूचना येत असतील आणि घड्याळ जुनी तारीख दाखवत असेल, तर मेकॅनिकला बोलावण्याआधी मदरबोर्डवरचा सीआर 2032 हा नाण्याएवढा सेल बदला. आणि फोटोंची प्रत दोन ठिकाणी ठेवा, त्यातली एक घराबाहेर. एसएसडीवर (फिरती तबकडी नसलेल्या, चिपांच्या डिस्कवर) बॅकअप घेऊन ती कपाटात विसरू नका. तिच्यातली माहिती म्हणजे कोंडलेला विद्युतभार. विजेशिवाय ती कायम टिकत नाही. बरीच वापरून झालेल्या घरगुती एसएसडीकडून 30 अंशांत एक वर्ष टिकण्याची अपेक्षा धरलेली असते, आणि आपल्याकडे कपाटात मेमध्ये किती होतं ते सांगायला नको.

मावसभावाचा मदरबोर्ड गेला तो गेलाच. हार्ड डिस्क मात्र वाचली. मुलीच्या बारशापासूनचे फोटो आम्ही त्याच दुपारी उतरवून घेतले. नव्या बोर्डाचं मशीन आता आतल्या भिंतीजवळ, लाकडी पाटावर आहे. दिवेलागणीला मावशी त्यावर भजनं लावते, आणि ती संपेपर्यंत तासभर सहज होतो.